लेकीचं पाणी

जपून उतरा, पायरीवर शेवाळ आहे. आजी, तुम्ही लेकीचा हात धरा. सकाळी भरतीबरोबर तुम्ही मंडळी आलात, आमच्या करंजबंदराचा बुरूज पाहिलात, जुन्या वखारीपुढे फोटो काढलेत. आता ओहोटी लागली, परत निघायची वेळ झाली. पण बोटीत बसण्याआधी हे पाहा. दोन्ही काठांना चिखल उघडा पडलाय, खेकडे फिरतायत. फक्त या शेवटच्या पायरीपासून नदीच्या मधल्या धारेपर्यंत पाण्याचा एक अरुंद पट्टा राहिलाय. तो कधीच आटत नाही. याला आम्ही लेकीचं पाणी म्हणतो. मध्ये एक इंजिनियर आले होते, म्हणाले खाली झरा असणार. असेल. माझा जन्म या धक्क्यावर होडी हाकण्यात गेला, मला तो झरा काही भेटला नाही.

फार पूर्वी, बंदरात गलबतं लागत होती तेव्हाची गोष्ट. इथे येसू नावाची बाई राहायची. नवरा गलबतावरचा म्होरक्या, तांडेल होता, तो समुद्रात गेला तो गेलाच. मागे एकुलती लेक, तानी. तिला खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावात दिली. सासू म्हणजे खाष्टपणाचा नमुना. वर्षातून एकदा माहेरी धाडायची, तेही भरतीबरोबर जा आणि ओहोटीबरोबर ये, असं बजावून. तानीला मुलगी झाली, त्या वर्षी तर सासूने अंगावर पिणारं पोर ठेवून घेतलं. पोर आपल्याकडे असलं की सून वेळेवर परत येते, असा तिचा हिशेब.

तानी आली. येसूने घावणे घातले. एक झाला, दुसरा झाला, अजून एक खा म्हणत तिसरा. वर्षभराची भूक घावण्यांनी कुठली भागायला! तानी हात धुवायला परसात गेली तशी येसू धक्क्यावर आली. तांडेलाची बायको ती, गाठी तिला ठाऊक होत्या. तिने होडीचा काथ्याचा दोर भिजवला आणि अशी गाठ मारली की ओला काथ्या फुगेल तशी ती आवळत जावी. लेक एक रात्र तरी राहील, एवढंच तिच्या मनात होतं. यात पाप काय, तुम्हीच सांगा.

तानी धक्क्यावर आली. गाठ सुटेना. नखं तुटली, बोटं सोलली, आणि पाणी पायरी पायरीने उतरत राहिलं. होडी चिखलात बसली तेव्हा तानीने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती रागावली नाही म्हणे. एवढंच बोलली,

"आये, तुला जशी मी, तशी मला ती हाय. ती तिकडं उपाशी रडत आसंल."

येसूने विळा आणून तो दोर कापला. पण नुसत्या दोराने काय होतं, पाणी तर गेलं होतं. मग ती गुडघाभर चिखलात उतरली, नदीपुढे पदर पसरला आणि म्हणाली,

"माजी फुडची भेट तू घे. पन लेकीला तिच्या लेकीकडं पोचव."

असं सांगतात की नदी मधल्या धारेतून फुटली आणि चिखल कापत या पायरीपर्यंत आली. होडी तरंगली. निघताना तानी रीतीप्रमाणे "येते" म्हणाली. येसूला "ये गो" म्हणता आलं नाही. भेट तर देऊन टाकली होती, आता कुठल्या तोंडाने बोलावणार? ती लेकीला डोळे भरून पाहत उभी राहिली.

पुढल्या वर्षी तानी आली, या खेपेला मुलगी कडेवर होती. पायरीवर दोर टाकलेला होता, आणि दोराला फासा मारून ठेवलेला. तिने त्यातच होडी अडकवली आणि आईला हाका मारत वर गेली. घर बंद होतं. शेजारणींनी सांगितलं, येसू थंडीतच गेली. जाईपर्यंत रोज धक्क्यावर जाऊन दोर नीट करून यायची. बोलवायचं नाही असं नदीशी ठरलं होतं. दोर तयार ठेवायचा नाही, असं कुठे ठरलं होतं?

ओहोटी लागली तशी तानी उठली आणि जाऊन तिने दोराला हात घातला. एका हिसक्यात गाठ सुटली. आईने ती ओढताच सुटावी अशीच मारून ठेवली होती. तेव्हा मात्र तानी त्या पायरीवर बसून रडली, असं सांगतात.

आजही आमच्याकडे पाहुण्याच्या होडीचा दोर पाहुणा सोडत नाही, यजमान सोडतो. "पुन्हा या" असं कुणी म्हणत नाही. परगावचे लोक म्हणतात, करंजबंदरची माणसं तुसडी. म्हणोत बापडे.

बसा आता. आजी, लेकीच्या शेजारी बसा. दोर मी सोडतो. तुम्ही "येतो" म्हणालात आणि मी गप्प राहिलो, तर राग मानू नका. होडी वळणावर गेली की एकदा मागे वळून पायरीवरच्या दोराकडे बघा, फासा मारून ठेवलेला दिसेल, म्हणजे झालं.