निळ्या कागदावरचा पंजा

आईशपथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे मी काही तिथं नव्हतो, आणि ज्यानं मला सांगितली तो एरवी थापाच मारतो. पण कुरडयांचा भाग तरी नक्की खरा.

"पण अक्का, हात का नाही उमटला?"

विश्राम भर दुपारी गच्चीवर चढला, तो हे विचारतच.

बायजाक्का वाळत घातलेल्या कुरडया उलटत होती. चाळीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई. निम्म्या गावाची नाकं तिनं पुसलेली, विश्रामचंही.

पतंगाच्या कागदावर पान ठेवायचं आणि दिवसभर उन्हात सोडून द्यायचं. ऊन रंग खातं, पानाखालचा तेवढा राहतो. हे विश्रामला तिनंच शिकवलेलं, तो चार वर्षांचा असताना. आता तो गावोगाव मुलांची शिबिरं घ्यायचा. उन्हातल्या उद्योगांवर त्यानं पुस्तकही काढलं होतं. मुखपृष्ठावर फोटो त्याचाच होता. मुलं मागं, जरा अंधुक.

"कुणाचा हात?"

"रेवाचा. माझ्या पोरीचा. आज चारच्या गाडीनं आईबरोबर अमरावतीला चाललीय. कायमची. म्हटलं, ठसा तरी राहील..."

त्यानं कागद पुढं केला. फिकट निळ्यावर गडद निळा पंजा.

"पाच वर्षांची ना रे ती? हा तर पैलवानाचा दिसतोय."

"माझा आहे." विश्राम कुरडयांकडं बघत म्हणाला. "ती सारखी हलायची. म्हणून वरून दाबून धरला. चार दिवस, रोज दोन-दोन तास."

"आणि तिचा?"

"खाली होता... माझ्या हाताखाली."

अक्कानं कागद उन्हात धरून पाहिला. उलटा करून पाहिला. मग जमिनीवर पसरला आणि त्यावर चार ओल्या कुरडया मांडल्या.

विश्राम बघतच राहिला. पुस्तकात असं कुठंच नव्हतं.

"रडली का?"

"पहिल्या दिवशी. मग नाही."

"काही म्हणाली?"

"कवडसे पाडूया म्हणायची. मी आरसा धरायचा, भिंतीवरचा कवडसा तिनं पकडायचा. रोज म्हणायची... काल नाही म्हणाली."

"मग?"

"कवडशाचं काय अक्का, आरसा हलला की गेला. हाती काय राहतं?"

कठड्यावर एक कावळा येऊन बसला, अक्कानं तो काठीनं हाकलला.

"आज सकाळी," विश्राम हळूच म्हणाला, "बिस्कीट द्यायला हात पुढं केला... तर तिनं गुपचूप तळवा जमिनीवर पालथा टाकला. आणि बसून राहिली."

"माझं चुकलं कुठं, तेवढं सांग."

"सांगते. आधी दक्षिणा."

त्यानं खिशात हात घातला. अक्कानं मान हलवली आणि काठी त्याच्या हातात दिली.

"इथं बस. कावळे हाकल. पाचपर्यंत."

"पाच? अगं, चारला गाडी आहे तिची!"

"आता किती वाजले?"

"सव्वातीन..."

"आणि पोरगी कुठाय?"

"घरी. तिची आत्या बॅग भरतेय. ती अंगणात एकटीच..."

काठी खाली पडली. चपला शोधायलाही तो थांबला नाही. तापलेल्या गच्चीवरून अनवाणी उड्या मारत जिन्याकडं सुटला. खाली दार आपटलं. गल्लीत कुणाची तरी सायकल पडली.

अक्का कठड्यावरून वाकली आणि ओरडली,

"अरे ए मास्तर! दक्षिणा बुडवून कुठं पळतोस?"