शाल बैलाला द्या!

चांदवणीच्या राजाने दवंडी पिटवली, "एकादशीला जो जेवेल त्याला फटके आणि सगळ्यांत कडक उपास करील त्याला भरजरी शाल!" झालं! एकादशी उजाडली आणि शिपाई घरोघरी चुली तपासत सुटले. गोजराच्या आजारी सासऱ्याची पेजसुद्धा त्यांनी उकिरड्यावर ओतली. गोजराचं डोकंच फिरलं.

ती तडक खळ्यावर गेली, मळणीचा बैल सोडला आणि मुसक्यासकट थेट दरबारात आणून उभा केला.

"महाराज, शाल ह्याला द्या! सकाळपासून धान्यात फिरतोय, पण एका दाण्याला तोंड लावलेलं नाही."

दरबार खो खो हसला. राजालाही हसू आवरेना. "अगं वेडे, त्याच्या तोंडाला मुसकं बांधलंय! त्यात त्याचं कसलं आलंय पुण्य?"

"मग महाराज, आमच्या तोंडाला तुम्ही काय बांधलंय?"

राजा ओशाळला आणि त्याने तिथल्या तिथे हुकूम मागे घेतला.

पुढच्या एकादशीला गोजराने सासऱ्याला पोटभर पेज पाजली. स्वतः मात्र दिवसभर पाण्याचा थेंबही घेतला नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं.