आण्णांच्या पाटीवरची शेवटची ओळ

“पाटीवर एवढं लिहिलं तर चालेल ना? तुम्हीच सांगा.”

शिकलगार गुरुजींनी कागद डोळ्यांजवळ नेला. लांब धरला. पुन्हा जवळ आणला.

ब्याऐंशी वर्षांचा माणूस. सगळी हयात याच मैदानावर पोरांना खो-खो शिकवण्यात गेली. माझे वडील, आण्णाही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आण्णांना जाऊन महिना झाला होता, आणि मैदानाच्या फाटकाला त्यांचं नाव द्यायचं जुन्या खेळाडूंनी ठरवलं होतं. पेंटर दुपारी येणार होता. मजकूर मी स्वतः लिहून आणला होता. दुसऱ्या कुणाला मी तो लिहू देणार नव्हते.

“मोठ्यानं वाचा,” मी म्हणाले.

“कै. श्रीपती कुंभार,” गुरुजींनी वाचलं. “राज्याच्या संघात निवड झालेला गावातला पहिला खेळाडू. मुलीच्या आजारपणापायी ऐन उमेदीत खेळ सोडला.”

ते थांबले.

“शेवटची ओळ खोटी आहे.”

“खोटी कशी? सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“गावाला काय, पुष्कळ ठाऊक असतं.”

मी तीन वर्षांची होते. संघाच्या शिबिराला जायला आण्णा पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभे होते. शेजारच्यानं सायकलवर येऊन सांगितलं, पोरगी तापानं फणफणलीय, डावा पाय हलवत नाही. आण्णा तसेच परत फिरले. त्यानंतर ते कधी सामन्यात उतरले नाहीत. माझा पाय तेव्हापासून असा आहे. काडीसारखा.

“माझ्या पायानं त्यांचा खेळ खाल्ला, गुरुजी. ते जन्मात कधी बोलले नाहीत. म्हणून मी लिहिणार.”

“खाल्ला?”

“खाल्ला.”

“एवढी ताकद आहे होय त्या पायात? मग सरळ का टाकत नाहीस?”

दुसरं कुणी असं बोललं असतं तर मी त्याला भर मैदानात झोडपला असता. गुरुजी होते, म्हणून दात आवळले.

“तुम्ही त्यांना अडवलं नाहीत?”

“अडवलं? शिव्या घातल्या. आठ दिवस तोंड बघितलं नाही त्याचं. नवव्या दिवशी सकाळी येतो तर हा बेटा मैदानावर हजर. तू काखोटीला, हातात तेलाची बाटली. तुझा पाय चोळला आणि तुला त्या खांबाला उभी केली.”

ते मला आठवत होतं. खो-खोच्या दोन खांबांमध्ये मी चालायला शिकले. पडायचे, ओठ फुटायचा. आण्णा उचलायला यायचे नाहीत. दहा पावलांवर उकिडवे बसायचे आणि म्हणायचे, “ये.”

“चार वर्षं,” गुरुजी म्हणाले. “एक सकाळ चुकवली नाही. आणि माझ्या सरावाला हाच दांड्या मारायचा.”

मला हसू आलं.

“तू पहिल्यांदा एकटी त्या खांबापर्यंत पोचलीस, त्या दिवशी त्यानं काय केलं सांगू?”

“रडले असतील.”

“रडतोय कशाला. धावत माझ्याकडं आला. गुरुजी, वेळ किती लागला? मी म्हटलं, मी घड्याळच लावलं नव्हतं. तर माझ्यावर उखडला. म्हणे, एवढ्या मोठ्या खेळाला तुमचं घड्याळ बंद?”

मी पदर तोंडाला लावला. हसत होते की काय करत होते, मलाच कळेना.

मग पुन्हा राग आला.

“म्हणजे त्यांना खंत नव्हती?”

गुरुजी काठीच्या टोकानं माती उकरू लागले.

“बोला की. चव्वेचाळीस वर्षं मी हे छातीवर घेऊन बसले आहे. त्यांना विचारायचा धीर झाला नाही. भाकरी वाढताना, औषध देताना, कितीदा तोंडाशी आलं. आता तेही गेले. तुमच्याशिवाय विचारू कुणाला?”

गुरुजींनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. मग उठले. काठीनं मातीत एक चौकोन ओढला.

“बस.”

“इथं? मातीत?”

“मग पाट मांडू?”

मी बसले. डावा पाय दुमडत नाही, तो बाजूला टाकला.

“पाठ माझ्याकडं कर. तोंड शाळेकडं.”

केलं. मागं काही हालचाल नाही. नुसता वारा...

आणि पाठीवर पंजा बसला.

“खो.”

आवाज ब्याऐंशी वर्षांचा नव्हता. शाळेच्या कौलांवरचे कावळे उडाले.

मी जन्मात कधी सामना खेळले नाही. पण ते ऐकल्यावर कुणी बसून राहतं का? दोन्ही हात मातीला टेकून उठले आणि खांबाकडं निघाले. चार पावलं गेले. लंगडत, पण झपाझप. पाचव्या पावलाला मागं राहिलेल्या म्हाताऱ्याची आठवण झाली.

वळून पाहिलं.

मी सोडलेल्या चौकोनात गुरुजी उकिडवे बसले होते. खो देणाऱ्यानं उठलेल्याच्या जागी बसायचं असतं, अगदी तसे. दहा वर्षं झाली, त्यांचे गुडघे वाकत नाहीत. नमाजसुद्धा खुर्चीवर बसून पढतात. आणि आता मातीत बसून माझ्याकडं बघत होते. चेहऱ्यावर दुखणं नाही, काही नाही. सामना ऐन रंगात आल्यावर खेळाडूचा असतो तसा चेहरा.

“अहो, गुडघे जातील तुमचे. थांबा, मी उठवते.”

गुरुजींनी काठी उचलून खांबाकडं केली.

“खो मिळाल्यावर मागं वळायचं नसतं, शालन. फाऊल धरतात.”