खंडूआजोबांची शिस्त

कुत्री नुकतीच माणसाळली होती, तेव्हाची गोष्ट. एका घरी खंडू नावाचा म्हातारा कुत्रा चिंगी या नव्या पिल्लाला वळण लावत होता.

"‘बस’ म्हटलं की बसायचं. का, कशाला, विचारायचं नाही."

"पण आजोबा, म्हणतंय कोण, ते तरी बघायचं ना?"

"फार शहाणी झालीस!"

एका दुपारी कुंपणातून कोल्हा शिरला. खंडू गुरगुरला. कोल्हा दरडावून म्हणाला, "बसा रे!" खंडू मुकाट्याने बसला. कोल्हा कोंबड्यांच्या खुराड्याकडे वळला, तोच चिंगीने त्याच्या शेपटीचा लचका तोडला. तो केकाटत पळाला.

"‘बसा’ म्हटल्यावर बसली का नाहीस?" खंडू कडाडला. "आजकालच्या पोरींना वळणच नाही!"

हेही तो बसूनच म्हणाला. ‘ऊठ’ म्हणायला अजून कोणी आलं नव्हतं.