मिशीवाली राणी

हसलात ना? हसा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत आमच्या मोहटोल्याची दंडार, म्हणजे सोंगं घेऊन केलेलं नाचगाण्याचं नाटक, पाहायला येणारा प्रत्येक पाव्हणा राणी आली की फिसकन हसतो. अंगावर लुगडं, नाकात नथ, कपाळावर हे एवढं कुंकू आणि नथीखाली भरघोस मिशी! बाकीच्या गावांत बाईचं सोंग घेणारे गडी तुळतुळीत असतात. आमचा रिवाज वेगळा. तो सितकुरा नावाच्या एका हट्टी म्हाताऱ्यामुळे पडला, असं सांगतात.

सितकुराला एकच मुलगा, डोमा. बायको लवकर गेली, म्हणून बापानेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं. डोमाचा गळा फार गोड होता. एका मंडईला ऐन सकाळी दंडारीतली राणी, म्हणजे राणी होणारा गडी, तापाने फणफणला. दंडारीचा शाहीर भिवाजी डोमाच्या हातापाया पडला. डोमा हौशी. मागचापुढचा विचार न करता नदीवर गेला आणि मिशी उतरवून आला.

आता मिशी उतरवायची ती बाप गेल्यावर, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नेमकी डोमाची आत्या पलीकडच्या गावाहून मंडईला येत होती. भाच्याचा कोरा ओठ दिसला आणि तिने वाटेतच हंबरडा फोडला. डोमा तोंड उघडेपर्यंत ती उलट पावली गेलीसुद्धा, आणि घटकाभरात आपलं अख्खं गाव घेऊन रडत भावाच्या दारात. सितकुरा खाटेवर तंबाखू मळत होता. बहीण एवढी रडतेय म्हणजे कोणीतरी जवळचंच गेलं, असं समजून तोही म्हणे तिच्या गळ्यात पडून रडला. बरंच रडून झाल्यावर त्याने विचारलं, कोण गेलं? बहिणीने डोळ्यांवरचा पदर काढला, त्याला पाहिलं आणि जागच्या जागी बेशुद्ध पडली.

खरा प्रकार कळल्यावर म्हातारा असा भडकला की काही विचारू नका. पोराने जित्तेपणी मारलं, तर आता मेलोच मी, म्हणाला आणि दार लावून घेतलं. डोमाने पाय धरले, माफी मागितली, उपयोग शून्य. त्यानंतर दारावर कोणी हाक मारली, की सितकुरा मेला म्हणून आतून सितकुराच सांगायचा.

डोमाला दंडारीच्या मंडळींनी आपल्यात ओढलं. भिवाजीच्या चुलीवर तो जेवू लागला. सोंगातली नाती घरातही चालू झाली. राणीचा मुलगा व्हायचा तो गोमा डोमाहून चांगला थोराड, दाढीवाला बुवा. पण भर हाटात डोमाला म्हणायचा, माय, भूक लागली. डोमाही त्याला वाढायचा. सगळी माणसं जीव लावणारी, तरी बापाच्या दारावरून जाताना डोमाचा जीव तुटायचा. ज्याने आई होऊन वाढवलं, तोच ओळख देत नव्हता.

पुढची मंडई आली. डोमाने भिवाजीला बजावलं, राणी होतो, पण मिशी काढणार नाही, मला बाप आहे. भिवाजीने कपाळावर हात मारला. पण घरच्याच पोराला नाही कसं म्हणणार?

राणी आली आणि मंडईत हशाचा नुसता कल्लोळ. पोराला वनवासाला धाडायचं गाणं डोमाने धरलं, समोर गोमा दाढीतून मुसमुसतोय, लोक पोट धरधरून हसतायत. गाणं ऐकूच येईना. डोमाच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. तेवढ्यात गर्दीतून काठी आपटत सितकुरा उठला. वर्षभर मेलेला माणूस उभा राहिलेला पाहून सगळे चिडीचूप झाले.

"काहून हासता?" म्हातारा म्हणाला. "राणीचा बाप जित्ता आहे."

आणि सरळ मांडवात जाऊन भिवाजीच्या शेजारी बसला. गाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. मध्ये सूर हलला, तर म्हाताऱ्याने राणीला सगळ्यांसमक्ष दटावलं म्हणे.

पुढे पुष्कळ वर्षांनी सितकुरा खरंच गेला. त्या मंडईला राणी कोऱ्या ओठाने आली. तिच्यामागून राजा आला, प्रधान आला, राक्षस आला, एकाच्याही ओठावर मिशी नव्हती. गोमाने तर दाढीही उतरवली होती.

आजही आमची राणी मिशीचीच असते, तिला पाहून खुशाल हसा. पण एखाद्या वर्षी सगळी दंडारच बिनमिशीची निघाली, तर तेवढं हसू नका पाव्हणे. त्या वर्षी आम्हा सगळ्यांचा बाप गेलेला असतो.