दुपारची हवा

एकदा एक वृद्ध वैमानिक वऱ्हाडातल्या एका आखूड धावपट्टीवर चार आसनांचे जुने विमान सांभाळत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्य तयार झाला होता. शिष्याला परवाना मिळून महिना लोटला होता. परंतु गुरूवाचून प्रवासी घेऊन तो अजून एकदाही गेला नव्हता.

वैशाखातल्या एका दिवशी कापसाच्या एका व्यापाऱ्याने ते विमान ठरवले. शहरात त्याच्या धाकट्या भावाच्या हृदयावर सायंकाळी पाच वाजता शस्त्रक्रिया व्हायची होती आणि त्याआधी व्यापाऱ्याला त्याला भेटायचे होते. पहाटे गुरुशिष्यांनी विमान एकदा उडवून पाहिले. धावपट्टीच्या मध्यावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी होती. तिच्यापाशीच चाके सुटली. शिष्याने ते दोघे, व्यापारी आणि त्याचा पुतण्या अशा चौघांचे वजन, सामान आणि इंधन मांडून विमान किती धावून उडेल याचा हिशेब पक्का केला.

निघायचे होते सकाळी सातला. व्यापारी पुतण्याला घेऊन आला दुपारी दीडला, आंब्याच्या चार पेट्यांसह.

"माफ करा कॅप्टनसाहेब," तो घाम पुसत म्हणाला, "भावाला आपल्या शेतातलेच आंबे पाहिजेत. उतरवून घेतले, तर येताना गाडीचं चाक बसलं."

शिष्य पेट्या चढवू लागला. वृद्धाने विचारले, "हिशेब कधीचा?"

"सकाळी सहाचा, सर. पण विमान तेच आहे, वजनही धरलं होतं तेवढंच."

"आणि हवा?"

शिष्याने तापमापकाकडे पाहिले. पारा सेहेचाळीसवर होता. धावपट्टीच्या टोकाला कालव्याचा बांध आणि त्यावरच्या बाभळी उन्हात थरथरत होत्या.

"ऊन लागतंय का विमानाला?" व्यापारी हसला. "सांगा, पाण्याचा टँकर बोलावतो. शिंपडून टाकू पट्टी!"

"आभाळभर शिंपडाल का, शेटजी?" वृद्ध म्हणाला. त्याने पेट्या उतरवायला लावल्या. मग अर्धे इंधन काढले. वाटेपुरते आणि थोडे राखीव ठेवले. पुतण्याला सावलीत बसवले. आणि मग, सगळे पाहत असताना, त्याने स्वतःची टोपी व चष्मा घेतला आणि तोही खाली उतरला.

व्यापाऱ्याचे हसू मावळले. "म्हणजे? चाळीस वर्षांचा अनुभव खाली राहणार, आणि मला हा कालचा मुलगा नेणार?"

"शेटजी, माझा अनुभव नव्वद किलोंचा आहे. आज तो हवेला पेलायचा नाही."

"सर, तुम्ही शेजारी असता तर धीर आला असता," शिष्य हळूच म्हणाला.

"पिशवीच्या पुढे दीडशे पावलांवर तो पांढरा दगड आहे. तिथवर चाकं सुटली नाहीत, तर इंजिन बंद करून ब्रेक लाव. मोह करू नकोस."

व्यापाऱ्याने घड्याळ पाहिले. रस्त्याने पाच तास लागले असते. तो विमानात चढून बसला.

विमान धावू लागले. पिशवी मागे पडली, तरी चाके जमिनीलाच होती. सकाळचेच विमान, सकाळइतकीच दोन माणसे. तरी पंखाखाली आधार सापडत नव्हता. आणखी शंभर पावले गेली आणि मग कुठे चाके सुटली. बाभळी पोटाखालून गेल्या, नको तितक्या जवळून.

दिवस मावळताना शिष्य एकटा परतला. त्याने विमान उभे केले. मग म्हणाला, "पेट्या उतरवल्या ते उमजलं, सर. आपण का उतरलात?"

वृद्ध म्हणाला, "तापलेली हवा पांगते. पंखाला टेकायला ती पुरत नाही, इंजिनालाही कमीच मिळते. हे पुस्तकात आहे, तू वाचलंही आहेस. पण ओझं म्हटलं की माणसाला पेट्याच दिसतात. स्वतःचं वजन कोणी त्यात धरत नाही. ज्याला आपला फार उपयोग आहे असं वाटतं, तो तर नाहीच. संकट आलं असतं तर मी कामी आलो असतो, हे खरं. पण मी बसलो असतो, तर ते संकट आणणाराही मीच ठरलो असतो."

शिष्य म्हणाला, "पावणेचारला दवाखान्यात पोचलो. मी दारातच थांबलो होतो. शेटजी वाटभर आंब्यांसाठी हळहळत होते. मग भावाजवळ गेले. दोन्ही हात मोकळे होते, म्हणून त्यांनी भावाचे दोन्ही हात धरले. आत नेईपर्यंत सोडले नाहीत."

"आणि शस्त्रक्रिया?"

"चालू आहे अजून."

पलीकडे पुतण्या पेट्यांपाशी उभा राहून विचारत होता, आता तरी त्या चढवायच्या का. शिष्याने गुरूकडे पाहिले नाही. उठून, पेटीच्या तापलेल्या फळीवर हात ठेवून तो म्हणाला, "पहाटे. तोवर हवा परत येईल."