दवंडीविना पुण्य

एका राज्यात पुण्यकर्म ढोल वाजवून करायची रीत होती. राजा सुदर्पण कुणाला पसाभर धान्य देई, तरी चौकाचौकात दवंडी पिटली जाई. लोकही मान डोलावत. न डोलावून करतात काय!

एकदा दारी फाटक्या वस्त्रातला म्हातारा आला. राजाने त्याला घोंगडी दिली आणि हत्तीपुढे चालवत नगरभर मिरवले. पोरे हसली, म्हाताऱ्याची मान शरमेने खाली गेली. तो होता मांत्रिक विरजाक्ष. त्याने शाप दिला आणि राजकन्या तरला पायांपासून दगड होऊ लागली.

राजाच्या घशाखाली घास उतरेना. तेव्हा पिंजऱ्यातली साळुंकी म्हणाली, "महाराज, विरजाक्षाच्या गुहेत तीन विझलेले दिवे आहेत. एकेका पुण्याने एकेक उजळेल. तिन्ही उजळले, तर शाप सुटेल. वाच्यता केलीत, तर विझेल. तिसऱ्या दिवशी सूर्यास्ताला मुदत संपेल."

दगड कमरेपर्यंत चढला होता. राजा साध्या वेशात एकटाच निघाला.

पहिल्या दिवशी त्याने दरडीखाली बुजलेला झरा मोकळा केला. गावकऱ्यांनी पाणी पाहून देवाला नारळ फोडला. राजाच्या ओठांवर स्वतःचे नाव आले होते, ते त्याने मोठ्या कष्टाने गिळले. दुसऱ्या दिवशी वणव्यातून हरिणीची पाडसे बाहेर काढताना त्याचे हात पोळले. कुणीतरी विचारले, तर म्हणाला, चुलीवर भाजले. जन्मात ज्याने चूल फुंकली नाही, तो राजा हो! दोन दिवे उजळले.

तिसऱ्या दिवशी ओढा ओलांडायला लाकडी सांकव घालायचा त्याचा बेत होता. वाटेत एक अधू डोळ्यांची म्हातारी चाचपडत होती. लेकीचे पहिले बाळंतपण, गाव दूर. राजाने तिचा हात धरला. ती पावलोपावली थांबे आणि राजाच्या नावाने बोटे मोडी. मेला काम कमी करतो, ढोल जास्त बडवतो, म्हणाली.

"खरे आहे, आजी," राजा म्हणाला.

दारात पोचले तोच आतून बाळाचा पहिला ट्यांहा ऐकू आला. "नात झाली!" म्हणत म्हातारी हसली आणि राजाही खुदकन हसला. मग वर पाहिले, तर सूर्य बुडत होता.

रडत रडत तो गुहेत शिरला. विरजाक्षाने विचारले, "तिसरे पुण्य कोणते?"

"एकही नाही. सांकव राहून गेला. शिक्षा मला द्या, माझ्या लेकीला सोडा."

मांत्रिक बाजूला झाला. मागे तीन दिवे तेवत होते.

"जे पुण्य आहे हे तुझ्या ध्यानातही आले नाही, त्याचाच हा दिवा," विरजाक्ष म्हणाला. "जा, लेक वाट पाहते आहे."

राजवाड्यात दगडाचे टवके गळून पडले आणि तरला धावत वेशीपर्यंत आली. राजाने तिला कवटाळले. दवंडीवाला रंभोजी ढोल घेऊन तयारच होता.

"महाराज, काय पुकारू?"

"एका म्हातारीला नात झाली," राजा म्हणाला. "तेवढेच पुकार."

ढोल घुमला, आणि सारे नगर त्या परक्या नातीसाठी आनंदाने नाचले.